आर्थर्स सीट: खाणीतून वाचलेला ज्वालामुखी

स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये होलीरूड राजवाड्याच्या मागेच आर्थर्स सीट आहे, २५१ मीटर उंच, भर शहरात, त्यामुळे बरेच जण त्याला नुसती फिरायची टेकडी समजतात. पण हा ज्वालामुखी आहे, साधारण ३४ कोटी वर्षांपूर्वी धगधगत होता, मग कायमचा विझला. वरचा बराच भाग झिजून गेला, हिमयुगात बर्फाने उरलेलं घासून काढलं आणि टणक होतं तेवढंच राहिलं.

शेजारचे सॅल्सबरी क्रॅग्जचे कडे मात्र वेगळे. तिथे वितळलेला खडक बाहेर आलाच नाही, जमिनीखाली गाळाच्या थरांमध्ये घुसला आणि तिथेच थंड झाला. आज हे सहज बोलतो आपण, पण १८व्या शतकात असे खडक समुद्राच्या पाण्यात साचून बनले असं मानणारे खूप होते. एडिनबराच्याच जेम्स हटन या भूवैज्ञानिकाने इथे नीट बघितलं. कड्याच्या पायथ्याशी गाळाचा थर सरळ जाता जाता एका जागी मोडलाय, तुटलेला तुकडा वर उचललाय आणि काळा खडक त्याच्या खाली शिरलाय. वरून हळूहळू साचलेली गोष्ट खालच्या थराला असं उचलेल कशी? १७८५ मध्ये त्याने रॉयल सोसायटी ऑफ एडिनबरा या विद्वानांच्या संस्थेपुढे, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने खडक वितळून वर घुसतात, ही आपली थिअरी मांडली. तरी वाद मिटला नाही, १८२०च्या दशकात डार्विन इथे शिकत होता तेव्हाही त्याचे प्रोफेसर जेमसन याच कड्यांपाशी उभे राहून असा खडक म्हणजे भेगेत वरून भरलेला गाळ असंच शिकवत होते!

आता खाणीचं. ही जागा, म्हणजे आजचा होलीरूड पार्क, राजाची, १६व्या शतकात पाचव्या जेम्सने भिंत घालून घेतलेली, पण देखभालीचा वंशपरंपरागत हक्क हॅडिंग्टनच्या अर्लकडे, म्हणजे तिथल्या सरदार घराण्याकडे, होता आणि त्यांनी कडे फोडून दगड विकायला काढला, पार लंडनच्या रस्त्यांपर्यंत गेला तो. राखणदारानेच हे करावं याचा मला आजही राग येतो. लोकही वैतागले, केस झाली, खूप वर्षं चालली आणि १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने खाण थांबवली. १८४३ मध्ये सरकारने ३० हजार पौंडांच्या आसपास मोजून अर्लचा हक्कच विकत घेतला. नंतर व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोल फिरणारा रस्ता झाला, १८५६ मध्ये सेंट मार्गारेट्स लॉक हा तलाव केला, म्हणजे आजचा पार्क दिसतो तो बराचसा तेव्हाचा.

खाणवाल्यांनी एक दगड मात्र फोडला नाही. त्यात लोहखनिजाची लाल शीर आहे, हटननेच तो सोडायला सांगितला होता म्हणतात. आजूबाजूचं सगळं गेलं, तो एकटा अजून तिथे उभा आहे.