राजघराण्याचं दैनंदिन कामकाज (ब्रिटन)

ब्रिटनचा राजा किंवा राणी आणि त्यांच्या वतीने सार्वजनिक कामं करणारी घरातली माणसं रोज जे काम करतात त्याला ढोबळपणे हे नाव आहे. यात सरकारी कागद वाचणं, सह्या करणं, पंतप्रधान आणि राजदूतांना भेटणं, मानपदकं देणं, संस्थांना भेटी, उद्घाटनं, परदेश दौरे असं सगळं येतं. हे काम करणाऱ्या माणसाला वर्किंग रॉयल म्हणतात, पण हा काही कायद्यातला हुद्दा नाही, वापरातून रूढ झालेला शब्द आहे. जानेवारी 2020 मध्ये सँड्रिंगहॅमला (राजघराण्याच्या खाजगी वाड्यावर) जी बैठक झाली तिच्यानंतर तो फार चर्चेत आला, कारण प्रिन्स हॅरी आणि मेगन यांना थोडं काम राजघराण्याचं आणि थोडं स्वतःचं असं करायचं होतं आणि ते मान्य झालं नाही. घराण्याला फर्म, म्हणजे कंपनी, म्हणायची पद्धत सहाव्या जॉर्जपासूनची असं सांगतात.

मग काम म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला एकच रोजचा अधिकृत दस्तऐवज आहे, तो म्हणजे कोर्ट सर्क्युलर. आदल्या दिवशी कोणी काय केलं याची ही रोजनिशी बकिंगहॅम पॅलेसमध्ये तयार होते, राजाच्या संमतीने बाहेर पडते आणि टाइम्स, डेली टेलिग्राफ अशा वर्तमानपत्रांत छापली जाते. तिची सुरुवात 1803 मध्ये तिसऱ्या जॉर्जने केली असं राजवाड्याचं म्हणणं आहे, आपल्या हालचालींबद्दल पेपरवाले काहीही छापतात म्हणून तो वैतागला होता असं कारण देतात. हे कारण पटण्यासारखं आहे, पण 1803 ला एकदम काहीतरी नवीन जन्माला आलं असं मानायची गरज नाही. दरबाराच्या बातम्या सरकारी छापील कागदात देण्याची पद्धत लंडन गॅझेटपासून होतीच, आणि ते गॅझेट नोव्हेंबर 1665 मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालं, कारण लंडनमध्ये प्लेग होता आणि दरबार तिकडे हलला होता. म्हणजे 1803 मध्ये बदललं ते बहुधा एवढंच की राजाच्या रोजच्या हालचालींची बातमी राजवाडाच स्वतः लिहून देऊ लागला. या नोंदीत तेच मत जास्त सयुक्तिक धरलंय.

सर्क्युलरची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वर राजवाड्याचं नाव आणि तारीख, खाली तृतीयपुरुषी कोरडी वाक्यं. पंतप्रधान राजाशी भेटले असं तिथे लिहीत नाहीत, इंग्रजीत शब्दयोजना अशी असते की पंतप्रधानांना राजाची ऑडियन्स मिळाली, म्हणजे भेट ही दोघांची नसून राजाने दिलेली असते. कोणत्या काउंटीत लॉर्ड-लेफ्टनंटने, म्हणजे तिथल्या राजाच्या प्रतिनिधीने, स्वागत केलं तेही येतं, दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात राणीच्या दिमतीला असणाऱ्या लेडी-इन-वेटिंगची पाळी बदलली तरी नोंद व्हायची. नवीन पंतप्रधान नेमला की त्याने हाताचं चुंबन घेतलं असं लिहितात, प्रत्यक्षात हल्ली तसं सहसा होत नाही, साधं हस्तांदोलन होतं. स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला 6 सप्टेंबर 2022 ला दुसऱ्या एलिझाबेथने बोरिस जॉन्सन यांचा राजीनामा घेऊन लिझ ट्रस यांना नेमलं, दुसऱ्या दिवशीची प्रिव्ही कौन्सिलची (राजाच्या औपचारिक सल्लागार मंडळाची) बैठक तब्येतीमुळे पुढे ढकलली गेली, आणि 8 तारखेला राणी वारली. छापील नोंदीला सवयीचा जो थंडपणा असतो त्यातूनही हे तीन दिवस वाचताना गलबलून येतं.

या रोजनिशीवरूनच कोणी किती कामं केली याचे आकडे निघतात. टाइम्सचा एक वाचक 1979 पासून दरवर्षी हाताने मोजणी करून वर्षाअखेर संपादकांना पत्र लिहायचा, त्यावर मग बातम्या व्हायच्या, आणि त्यात राजकन्या अ‍ॅन बऱ्याच वर्षी पहिली किंवा पहिल्या दोघांत असायची. दुसऱ्या एलिझाबेथचे पती प्रिन्स फिलिप ऑगस्ट 2017 मध्ये निवृत्त झाले तेव्हा 1952 पासूनचे त्यांचे एकट्याचे कार्यक्रम 22,219 आणि भाषणं 5,496 असे आकडे जाहीर झाले होते. पण हे आकडे जपून वापरावेत. अर्ध्या तासाची भेट आणि पूर्ण दिवसाचा कार्यक्रम दोन्ही एकेकच धरले जातात, आणि टेबलाशी बसून केलेलं काम तर मोजणीत येतच नाही.

ते टेबलाचं काम म्हणजे लाल पेट्या. मंत्रालयांचे आणि राष्ट्रकुलातले कागद, परराष्ट्र खात्याच्या तारा, सहीसाठीची फर्मानं, सगळं प्रायव्हेट सेक्रेटरीच्या ऑफिसातून चाळून लाल चामड्याच्या पेटीत घालून राजाकडे येतं, राजा कुठेही असो, सुट्टीवर असला तरी, ख्रिसमसचा दिवस सोडला तर जवळपास रोज. (प्रायव्हेट सेक्रेटरीचं पद 1805 मध्ये सर हर्बर्ट टेलरपासून धरतात, तिसऱ्या जॉर्जची नजर गेली होती म्हणून माणूस ठेवावा लागला. पदाला रीतसर मान्यता मात्र 1860 च्या दशकात, व्हिक्टोरियाच्या काळात मिळाली असं दिसतं.) पेटी लालच का, यावर दोन कथा आहेत. पहिलीत म्हणतात की सोळाव्या शतकाच्या शेवटी पहिल्या एलिझाबेथचा प्रतिनिधी फ्रान्सिस थ्रॉकमॉर्टन याने स्पेनच्या राजदूताला लाल पेटीतून ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्त घालून केलेली सॉसेजं, भेट दिली. आता अडचण अशी की या नावाचा जो माणूस इतिहासाला नीट माहीत आहे तो राणीविरुद्धच्या 1583 च्या कटातला, 1584 मध्ये त्याला फाशी झाली, आणि स्पेनचा राजदूत मेंडोझा त्याच प्रकरणात हाकलला गेला, तेव्हा तो राणीचा प्रतिनिधी कसा हे कोणी सांगत नाही. दुसऱ्या कथेत लाल रंग व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या घराण्याच्या चिन्हातून आला असं म्हणतात, पण त्या घराण्याच्या, म्हणजे सॅक्सनीच्या, ढालीवर मुख्य पट्टे काळे आणि सोनेरी आहेत आणि त्यावर हिरवी कमान. दोन्ही कथांवर फार भार टाकू नये. तेव्हाचा अर्थमंत्री ग्लॅडस्टन याच्यासाठी 1860 च्या सुमारास केलेली लाल पेटी आजही आहे, म्हणजे तोपर्यंत रंग रुळला होता इतकं नक्की म्हणता येतं.

पेटीतलं काम दिसत नाही म्हणून ते कमी मानलं जातं, हे बरोबर नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तिसऱ्या चार्ल्सला कॅन्सर असल्याचं जाहीर झालं तेव्हा सार्वजनिक कार्यक्रम थांबले, पण पेट्या आणि पंतप्रधानांची भेट चालूच राहिली, 30 एप्रिलला ते लंडनच्या एका कॅन्सर केंद्रात गेले तेव्हा कामावर परतले अशा बातम्या आल्या, खरंतर ते कामावरून गेलेच नव्हते. पंतप्रधानांची ही भेट आठवड्यातून एकदा, अलीकडे बहुतेक बुधवारी, दोघंच असतात आणि टिपण ठेवलं जात नाही. ब्रिटिश राज्यघटनेवर लिहिणाऱ्या वॉल्टर बॅजेटने 1867 मध्ये राजाचे तीन हक्क सांगितले, सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि सावध करण्याचा, ते वापरायची मुख्य जागा हीच.

प्रिव्ही कौन्सिलची बैठक साधारण महिन्याला एक होते, तिघे हजर असले की कोरम होतो. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे कौन्सिलचं काम पाहणारा मंत्री, आदेशांची नावं वाचतो आणि राजा अप्रूव्हड एवढंच म्हणतो. सगळे उभे असतात, ही पद्धत 1861 मध्ये अल्बर्ट गेल्यावर शोकात असलेल्या व्हिक्टोरियाला बैठका लवकर संपवायच्या होत्या म्हणून पडली असं सांगतात.

मानपदकं देण्याचे समारंभ बकिंगहॅम किंवा विंडसरला होतात, नाइट करताना, म्हणजे सर हा किताब देताना, सहाव्या जॉर्जची तलवार वापरतात, ती ते राजा होण्याआधी ड्यूक ऑफ यॉर्क असतानाची, स्कॉट्स गार्ड्स या पलटणीतली. बाहेरच्या भेटींची आमंत्रणं बरीचशी लॉर्ड-लेफ्टनंटमार्फत येतात, आधी ऑफिसातली माणसं जाऊन जागेची पाहणी करतात. लोकांत चालत जाऊन बोलायची वॉकअबाउट पद्धत 1970 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यापासून धरतात आणि शब्दही ऑस्ट्रेलियन इंग्रजीतलाच आहे. मात्र मे 1939 मध्ये ओटावाच्या युद्धस्मारकापाशी सहावा जॉर्ज आणि त्याची राणी माजी सैनिकांच्या गर्दीत शिरले होते, तेव्हा नाव नंतरचं आणि रीत आधीची, असं म्हणणं जास्त बरोबर. शंभरी गाठणाऱ्यांना शुभेच्छा पाठवण्याची प्रथा 1917 पासूनची, पाचव्या जॉर्जची.

या सगळ्या कामाचा खर्च सॉव्हरिन ग्रँट या सरकारी अनुदानातून होतो. 2011 च्या कायद्याने ती जुन्या सिव्हिल लिस्टच्या (संसदेने ठरवलेल्या वार्षिक रकमेच्या) जागी आली. तिची रक्कम क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजपदाच्या नावे असलेल्या जमिनी-इमारतींच्या, नफ्यावरून ठरते, आधी 15 टक्के, बकिंगहॅम पॅलेसच्या दुरुस्तीसाठी 25, आणि 2024-25 पासून 12. वर्किंग रॉयल लोकांना यातून पगार मिळत नाही, प्रवास, कर्मचारी, इमारती यांचा खर्च निघतो. राजा आजारी किंवा परदेशात असला तर 1937 च्या रीजन्सी कायद्याप्रमाणे कौन्सेलर्स ऑफ स्टेट, म्हणजे राजाच्या वतीने काम पाहू शकणारी घराण्यातली ठरावीक माणसं, सह्या करतात. काम न करणारी नावंच यादीत जास्त उरली होती म्हणून डिसेंबर 2022 मध्ये नवा कायदा करून चार्ल्सची भावंडं अ‍ॅन आणि एडवर्ड यांना त्यात घातलं गेलं.