घराण्याचं फाउंडेशन की घराण्याच्या नावाचा फंड?

अमेरिकेतलं एखादं श्रीमंत घराणं देणगी जाहीर करतं, तेव्हा आधी पैसे कुठून निघाले ते पाहावं. प्रायव्हेट फाउंडेशनमधून, की डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडातून? नाव दोन्हीकडे घराण्याचंच असू शकतं. हिशेब मात्र एकाचाच उघडा असतो.

फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था. ती दरवर्षी ९९०-पीएफ हे विवरणपत्र भरते. त्यात विश्वस्तांची नावं आणि पगार, गुंतवणूक, कोणाला किती दिले याची यादी, शिवाय वर्षात ५,००० डॉलर किंवा जास्त देणाऱ्यांची नावंही असतात. इतर धर्मादाय संस्थांना देणगीदारांची नावं झाकता येतात, फाउंडेशनला नाही. मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं मागेल त्याला दाखवावी लागतात. करखात्याच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात.

फंड म्हणजे फिडेलिटी चॅरिटेबलसारख्या मोठ्या संस्थेतलं एक खातं. पैसे कायद्याने संस्थेचे होतात, कुटुंब फक्त सुचवतं (आणि सूचना बहुधा मानली जाते). संस्थेच्या विवरणपत्रात खाती किती, जमा किती, वाटप किती एवढे एकत्रित आकडे येतात. अनुदानांची यादी असते, पण कोणतं अनुदान कोणाच्या खात्यातून गेलं, ते कळत नाही.

फाउंडेशनचे कागद वाचताना घोटाळा होतो तो ५ टक्क्यांच्या नियमात. गुंतवणुकीच्या सरासरी मूल्याच्या साधारण ५ टक्के दरवर्षी खर्चावे लागतात, पण त्यात दानकार्यासाठीचा वाजवी कारभारखर्चही धरतात. ढोबळ हिशेब असा: मालमत्ता १ कोटी डॉलर, म्हणजे ५ लाख खर्चायचे. पगार आणि कार्यालय यांवर दीड लाख गेले, तर गरजूंपर्यंत साडेतीन लाखच पोहोचले तरी नियम पाळला गेला. शिवाय रक्कम वाटायला पुढच्या वर्षअखेरपर्यंत मुदत असते. एकाच वर्षाचा कागद धरून ‘नियम मोडला’ म्हणणारे इथेच फसतात. फंडाच्या खात्याला तर ही अटच नाही.

नातलगाला पगार दिसला की लगेच बोट दाखवू नये. कामाच्या मानाने वाजवी असेल तर तो चालतो. मोठ्या देणगीदारांनी किंवा विश्वस्तांनी फाउंडेशनकडून कर्ज घेणं किंवा तिला स्वतःची जागा विकणं मात्र बाजारभावानेही चालत नाही. असा व्यवहार करणाऱ्यावर सुरुवातीलाच १० टक्के दंडकर बसतो. गंमत म्हणजे या नियमात त्यांचे पती-पत्नी, आईवडील, मुलं-नातवंडं येतात, पण सख्खी भावंडं केवळ नात्यामुळे येत नाहीत.

फाउंडेशन आपले ५ टक्के फंडातही टाकू शकते आणि ते वाटप म्हणून मोजले जातात. म्हणून ९९०-पीएफमध्ये एक प्रश्न आवर्जून पाहावा: ज्या फंडावर आपला किंवा संबंधितांचा सल्ल्याचा अधिकार आहे, त्याला पैसे दिले का? उत्तर ‘होय’ असेल तर सोबतचं जोडपत्र आणि अनुदानांची यादी उघडावी. पैसे कोणत्या संस्थेकडे गेले ते यादीत सापडेल. त्यापुढचा माग कुटुंबाने स्वतः सांगितला तरच लागतो.