ओल्या उष्म्यात काम: शरीर मुरवण्याची पद्धत आली कुठून

सोलापूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेला गडीही यंत्रमागाच्या दमट शेडमध्ये पहिल्याच पाळीला ढेपाळू शकतो. बाहेरचं ऊन कोरडं, घाम वाळतो आणि अंग निवतं. शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा ओलसर ठेवतात; रंगाईत तर वाफाच. तिथे घाम नुसता निथळतो. पाणी जातं, अंग तापलेलंच राहतं.

कामासाठी मुद्दाम ओली केलेली हवा इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या विणकाम शेडमधल्या दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा १८८९ साली झाला. १९०५ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी दाखवलं, की ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक स्थिर हवेत ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला, की काम न करणाऱ्याचंही अंग तापत जातं. मात्र शरीर मुरवण्याचा, म्हणजे हळूहळू उष्म्याला सरावून तयार करण्याचा विचार खरा रुजला तो दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत. धूळ बसावी म्हणून तिथे पाणी मारत. फुप्फुसं वाचवायला गेले आणि खोल खाणीतली हवा दमट झाली. १९२४ पासून उष्माघाताचे मृत्यू नोंदले जाऊ लागले. १९३०च्या दशकात डॉ. ड्रिओस्टी यांनी नव्या मजुरांकडून गरम, दमट खोलीत काम करून घेऊन त्यांचं तापमान मोजलं आणि त्यावरून कोणाला किती दिवस मुरवायचं ते ठरवलं.

कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या ‘निओश’ संस्थेची आजची शिफारस त्याच वाटेवरची: नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्म्यातलं २० टक्के काम, पुढे रोज २० टक्क्यांची वाढ. अशा कामाचा आधी अनुभव असलेल्याला दिवसागणिक ५०, ६०, ८०, मग १०० टक्के. नुसतं शेडमध्ये बसून भागत नाही, हातपाय हलले पाहिजेत. पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, नाडी उतरते. घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पूर्ण तयारीला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर घाम खारट, म्हणून जेवणातलं मीठ तोडू नये. भाकरी आणि शेंगाचटणीतून ते पोटात जातंच. मिठाच्या गोळ्या नकोत, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारावं. पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. घामाचा वेग वाढतो, त्यामुळे मुरलेल्याला पाणी उलट जास्तच लागतं; मुकादम नेमके इथेच चुकतात.

दुसरी चूक खाड्याची. आठवडाभर गावी राहून आलेल्याला त्याच दिवशी पूर्ण माग देतात. तोवर कमावलेलं उतरू लागलेलं असतं. महिनाभर गेला तर नवखा धरून २० टक्क्यांपासूनच सुरुवात करावी.