१३८ घरं, ४७ स्वर

गिटारवर पहिला सोलो बसला तेव्हा मला वाटलं, जमलं आपल्याला. पाचव्या ते आठव्या फ्रेटमधली (फ्रेट म्हणजे दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कडा) चार घरं, सहा तारा आणि मोबाइलवर ए मायनरचा बॅकिंग ट्रॅक. बोटं आपोआप पळायची. मग एकदा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, धरता धरता मित्र म्हणाला, "आता हेच जरा वर घे ना, बाराव्याजवळ." पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता वाकडमध्ये सोडून द्यावं, तशी माझी गत झाली. तेच स्वर, तीच गिटार, पण रस्ता ठाऊक नाही.

पेटीवर ही भानगड नसते. तिथे एका स्वराला एकच पट्टी. बावीस फ्रेटच्या गिटारवर मोकळी तार धरून प्रत्येक तारेवर २३ जागा, म्हणजे सहा तारांवर १३८. त्यातून निघणारे वेगवेगळे स्वर मात्र ४७च. पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, मोकळ्या तारेचा ई, म्हणजे साधारण ३३० हर्ट्‌झ, हाच स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळतो, तिसरीवर नवव्याला, चौथीवर चौदाव्याला आणि पाचवीवर एकोणिसाव्याला. पट्टी तीच, पण आवाजाचा पोत बदलतो: मोकळी तार खणखणीत, एकोणिसाव्या फ्रेटवरची जाड आखूड तार जरा दबलेली.

गोंधळात भर घालते ती तारांची जुळणी. सहावीपासून वर येताना प्रत्येक तार आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर, म्हणजे (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून) पाच पट्ट्या वर लावलेली असते. फक्त तिसरीवरून दुसरीवर येताना अंतर चार पट्ट्यांचं, शुद्ध गंधाराचं. हा अपवाद कुणाच्या लहरीतून आलेला नाही. पाच वेळा मध्यम घेतला तर २५ पट्ट्या होतात आणि दोन सप्तकं भरतात २४ पट्ट्यांत. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची तार एकाच स्वराची हवी असेल, तर कुठेतरी एक पट्टी कापावीच लागते. कॉर्ड धरणाऱ्याची त्यामुळे सोय होते. सोलो वाजवणारा मात्र दुसऱ्या तारेवर आला की प्रत्येक आकृती एक घर सरकते, आणि नवखा हमखास तिथेच ठेचकाळतो.

वर जाताना घरं आक्रसतात, तेही एका हिशेबाने. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट हे गिटारसारखं तंतुवाद्य वाजवायचे. १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी तोडगा दिला: तारेची जेवढी लांबी उरली असेल तिचा अठरावा भाग सोडा आणि फ्रेट बसवा. पण या हिशेबाने बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर पडत नाही, जरासा अलीकडे राहतो. म्हणून आज अठराऐवजी १७.८१७ने भागतात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिलं घर ३६.४ मिलिमीटरचं येतं आणि बाराव्यानंतरचं बरोबर निम्मं, १८.२चं. खाली ताणावी लागणारी बोटं वर एकमेकांत अडकतात ती यामुळे.

आता माझ्या वाकडच्या रस्त्याकडे. गिटारवाले ज्याला पेंटाटोनिक बॉक्स, म्हणजे पाच स्वरांच्या घरांची आकृती, म्हणतात तसे बॉक्स पाच. ए मायनर पेंटाटोनिकचे स्वर ए, सी, डी, ई, जी. सहाव्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या ए पासून पहिला बॉक्स, आठव्याच्या सी पासून दुसरा, दहाव्याच्या डी पासून तिसरा, बाराव्याच्या ई पासून चौथा, पंधराव्याच्या जी पासून पाचवा. शिकवणारे या पाच आकृत्या छापून देतात आणि विद्यार्थी त्या पाढ्यांसारख्या घोकतो. मीही घोकल्या.

डोक्यात उजेड पडला तो पेटीसमोर. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवून पाहा. काळी तीन षड्ज धरली तर भूप मिळतो. पट्ट्या त्याच ठेवून काळी चारला सा म्हणा, मध्यमाद सारंगाचे स्वर येतात. काळी पाचपासून मालकंस, काळी एकपासून दुर्गा, काळी दोनपासून धानी. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. गिटारचे पाच बॉक्स म्हणजे हीच गोष्ट, फिंगरबोर्डवर पसरलेली. सी ला सा मानलं तर तो भूप, ए ला मानलं तर धानी. (राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, चलन आणि न्यास वेगळे, हे मान्य. इथे बोलतोय ते फक्त स्वरांच्या सांगाड्याबद्दल.)

म्हणजे पाच वेगळे नकाशे पाठ करायची गरजच नव्हती. नकाशा एकच, दर बारा फ्रेटनंतर पुन्हा सुरू होणारा. आणि सा कुठला हे बोटांची आकृती ठरवत नाही, मागे चाललेली कॉर्ड ठरवते, गाण्यात तानपुरा ठरवतो तसं. मी बाराव्या फ्रेटवर हरवलो, कारण मला माझा ए तिथे कुठे आहे हे माहीत नव्हतं. तिसऱ्या तारेवर चौदाव्या फ्रेटला तो बसलेला होता.

रियाजाचाही दोष होताच. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना टेनिसचा चेंडू हातात धरून लाकडी अडथळे ठरावीक क्रमाने पाडायला लावले. असे तीन क्रम होते. एका गटाने एक क्रम घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तर सरमिसळवाले सरस ठरले. एकच तुकडा एकाच बॉक्समध्ये पन्नासदा वाजवला की हात सुखावतो, पण त्या जागेला जखडतो. तोच तुकडा एकदा पाचव्या फ्रेटवर, मग बाराव्यावर, मग एकाच तारेवर आडवा वाजवणं त्रासाचं आहे. पहिले काही दिवस अगदी घाणेरडं वाजतं, घरचे दार लावून घेतात.

फ्रेटच्या तावडीतून सुटायची एक जागा आहे, बेंड, म्हणजे दाबलेली तार बाजूला ताणून स्वर चढवणं. आपल्या मींडेची ही भावकी. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन पट्ट्या चढायला कंपनसंख्या सुमारे १२ टक्के वाढवावी लागते, पण ताण २६ टक्के. एकट्या बोटाच्या ताकदीवर हे होत नाही. मनगट फिरवावं लागतं आणि मागची दोन बोटं टेकूला लागतात. कुठे थांबायचं हे सांगायला तिथे फ्रेट नसतो.

म्हणून मी हल्ली रोज आधी एकच गोष्ट करतो. पहिल्या बोटाने पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट दाबतो, हा ए, ४४० हर्ट्‌झ. तिसऱ्या बोटाने दुसऱ्या तारेचा आठवा, हा जी, ३९२ हर्ट्‌झ. दोन्ही तारा एकदम छेडतो आणि दुसरी हळूहळू वर ढकलत नेतो. आधी नुसती खरखर. मग ४३० च्या आसपास सेकंदाला दहा हेलकावे ऐकू येतात, ४३७ ला तीन. तानपुरा लावताना दोन जोडाच्या तारा जवळ आल्या की जे होतं तेच. हेलकावे लांबत जातात, लांबत जातात, आणि एका क्षणी थांबतात. बोटाच्या टोकावर तारेचा वळ उमटलेला असतो.