खर्जात उतरणाऱ्या गिटारचे विज्ञान

बेस गिटार वाजवणारा माणूस सात किंवा आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारकडे वळतो, तेव्हा दुकानात त्याचा पहिला प्रश्न बहुधा तारांच्या संख्येविषयी असतो. माझ्या मते पहिला प्रश्न लांबीविषयी असायला हवा. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतच्या (धडावरचा तारांचा आधार) ज्या मोकळ्या लांबीला वादक स्केल म्हणतात, तिच्याविषयी. चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालची मोकळी तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे ४१.२ वेळा कंप पावते, आणि आठ तारांच्या गिटारच्या नेहमीच्या ट्युनिंगमधील सर्वांत खालचा एफ शार्प ४६.२५ हर्ट्झचा असतो. दोहोंत अंतर केवळ दोन फ्रेटचे, म्हणजे मानेवरच्या दोन आडव्या धातुपट्ट्यांचे. बेसला मात्र या खर्जासाठी ३४ इंच लांबी मिळालेली असते, तर गिटारला तेच काम २५.५ ते २८ इंचांत भागवावे लागते.

हे भागवणे किती अवघड आहे, ते फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६३६ साली मांडलेल्या नियमावरून कळते. तारेची वारंवारता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर मीटर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. साध्या गिटारवरची ०.०४६ इंच जाडीची ई तार २५.५ इंच स्केलवर सुमारे ८ किलो ताणाखाली असते. तीच तार सैल करत एफ शार्पपर्यंत आणली, तर ताण अडीच किलोवर घसरतो आणि तार फ्रेटवर खडखडू लागते. ताण व जाडी तशीच ठेवून केवळ लांबीने हा सूर गाठायचा, तर स्केल ४५ इंचांचे लागेल, आणि ते कोणाच्याच हाताला झेपणारे नाही. २५.५ ऐवजी २७ इंच घेतल्यास ताणात सुमारे १२ टक्क्यांची भर पडते. उरलेले सारे काम वजनाने करावे लागते, आणि म्हणून तेथे ०.०७४ इंचांच्या आसपासची जाड तार चढवतात. तंबोऱ्यातही हाच पेच याच मार्गाने सोडवलेला आहे: खर्जाची तार जाड आणि पितळेची, जोडीच्या तारा पोलादी, आणि पुरुषी तंबोऱ्याची दांडी जनानी तंबोऱ्यापेक्षा लांब.

मग तार हवी तेवढी जाड का करू नये? कारण वजनाबरोबर ताठरपणाही वाढतो, आणि तो फार झपाट्याने वाढतो: भरीव तारेचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घातात चढतो. बारीक गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळण्याची युक्ती याचसाठी आहे, कारण त्या वेढ्यांमुळे वजन वाढते, पण तार वाकण्यास फारशी कुरकुर करत नाही. तरीही गाभा काही अंशी जाड करावाच लागतो. आदर्श तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, मूळ वारंवारतेच्या बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. ताठर तारेत ते थोडे थोडे चढे लागतात, आणि उपस्वर जितका वरचा तितका तो अधिक चढतो. ताण कमी किंवा लांबी अपुरी असेल, तर हा दोष बळावतो. आखूड गिटारवरचा खर्ज ट्युनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) बरोबर दिसूनही कानाला मातकट का लागतो, याचे मुख्य कारण हेच आहे.

येथे कानाची एक विलक्षण करामत समजून घ्यावी लागते. आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद असतो. ४६ हर्ट्झचा नाद तितक्याच दाबाच्या १००० हर्ट्झच्या नादापेक्षा कितीतरी हळू ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधला १२ इंची स्पीकरही साधारण ७५-८० हर्ट्झच्या खाली वेगाने ओसरतो. तरीदेखील आपल्याला एफ शार्प स्पष्ट कळतो, कारण ९२.५, १३८.७५, १८५ अशा उपस्वरांच्या समान अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ सूर ओळखतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर बेसची ओळ ऐकू येते, तीही याच कारणाने. तेव्हा गिटारच्या खालच्या तारेची प्रत तिच्या उपस्वरांत असते, आणि ते एका रांगेत राहतील अशीच सामग्री निवडावी लागते.

तार-संख्या वाढवण्याचा इतिहास जुनाच आहे. अमेरिकन जॅझ गिटारवादक जॉर्ज व्हॅन एप्स १९३० च्या दशकातच सात तारा वाजवत होते. सात तारांची गिटार कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर आली ती १९९० साली, इबानेझ या जपानी कंपनीने गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठी काढलेल्या युनिव्हर्स मालिकेतून, आणि त्याच कंपनीचे २००७ चे आठ तारांचे आरजी२२२८ हे मॉडेल २७ इंच स्केलचे होते. गिटार बनवणारे राल्फ नोव्हाक यांनी १९८९ साली पेटंट घेतलेली तिरप्या, पंख्यासारख्या फ्रेटची रचना मला सर्वांत समंजस वाटते, कारण तीत खर्जाच्या तारेला लांबी मिळते आणि वरची बारीक तार आखूड राहते.

मुंबईत धोबी तलावाच्या दुकानात वाद्य हातात आले, की एक परीक्षा जरूर करावी. ट्युनर लावून खालची तार प्रथम हलकेच आणि नंतर जोरात छेडावी. जोराच्या टोल्याने तार क्षणभर अधिक ताणली जाते, त्यामुळे काटा आधी वर झेपावतो आणि मग खाली स्थिरावतो. ताण अपुरा असेल, तर ही झेप ठळक दिसते. तेथे अधिक जाड तार किंवा अधिक लांब स्केल हवे, हे समजावे.

बेसवादकाला मोठ्या बेस-ॲम्पचा मोह पडतो. बँडमध्ये तो टाळावा असे माझे मत आहे. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या परिणामात, दोन सूर शिरले, की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे सूर जन्मतात. एफ शार्प आणि त्याचा पंचम असलेला ६९.३ हर्ट्झचा सी शार्प एकत्र वाजवले, तर वजाबाकी २३ हर्ट्झ येते. शुद्ध गंधार घेतला, तर ती १२ हर्ट्झ येते, आणि सुराऐवजी नुसती घरघर उरते. म्हणून डिस्टॉर्शनच्या आधीच खालच्या वारंवारता कापाव्यात, खालच्या तारांवर स्वरसमूह न धरता सुटे सूर किंवा सप्तक वाजवावे, आणि मूळ कंपन बेससाठी सोडावे.

मुंबईच्या घरात आणखी एक गोष्ट आड येते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीची १२ फुटी बाजू साधारण ४७ हर्ट्झला स्वतःच घुमते, म्हणजे नेमकी या तारेच्या शेजारी. भिंतीला टेकून उभे राहिल्यास सूर दणदणीत वाटतो, आणि खोलीच्या मधोमध तो जवळपास नाहीसा होतो. शिवाय जाडजूड भिंतीही उंच सूर जितके अडवतात तितके खर्जाचे अडवत नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही सरावाला हेडफोनच बरा. हेडफोनमध्ये ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची गुणगुण आली, तर ४९ हर्ट्झच्या जी सुराशी तिचे सेकंदाला एक असे आंदोलन होते, आणि सूर श्वास घेतल्यासारखा फुगतो व ओसरतो. दोन वेटोळ्यांचा हंबकर पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग) ही गुणगुण बऱ्याच अंशी रद्द करतो.

हाताच्या बाबतीत बेसवादकाला सवलतच मिळते. पहिल्या ते चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची बेसवर सुमारे १३० मिलिमीटर असते, तर २७ इंची गिटारवर १०३. ई, ए, डी, जी हा ओळखीचा क्रमही एक सप्तक वर तसाच भेटतो. जी आणि बी या तारांमध्ये मात्र अंतर चौथ्या सुराचे (पाच फ्रेट) नसून तिसऱ्या सुराचे (चार फ्रेट) आहे, म्हणून तेथून पुढे बेसवरचा बोटांचा प्रत्येक आकार एक फ्रेट वर सरकवावा लागतो. खरा कस लागतो तो उजव्या हाताचा. बेसवर अंगठा खालच्या तारांवर टेकवून त्या गप्प ठेवण्याची सवय असते. गिटारवर तारा दाट असल्याने ते काम तळहाताच्या कडेने करावे लागते. पिक (तार छेडण्याची चकती) ब्रिजजवळ ठेवल्यास उपस्वर अधिक उमटतात, आणि खालच्या एफ शार्पला नेमकी त्यांचीच गरज असते; पण तीच तार मोकळी राहिली, तर वरचा एफ शार्प किंवा सी शार्प वाजताच आपल्या जुळणाऱ्या उपस्वरांमुळे आपोआप गुंजू लागते, आणि डिस्टॉर्शन ते गुंजन भरपूर वाढवते. त्यामुळे सुरुवातीला ॲम्पचा गेन (डिस्टॉर्शन वाढवणारे बटण) बराच खाली ठेवून, एक तार वाजत असताना उरलेल्या सात गप्प ठेवण्याचाच सराव आधी करावा.