पार्श्वभूमी : ख्रिस्ती कास्तकाराचं वावर, रविवार आणि ‘ए.कु.मॅ.’

काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याची झाडं, उमरेडकडे कापूस-सोयाबीन, मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्या. यात ख्रिस्ती घराचं वावर कोणतं, हे धुऱ्यावर उभं राहून सांगता येत नाही. तोच डवरा, तीच तिफण, धुऱ्याकाठी तीच तूर. फरक दोनच जागी पडतो : कॅलेंडरात आणि सातबाऱ्यात. कॅलेंडरातला फरक गावाला माहीत असतो. सातबाऱ्यातला घरातल्यांनाही बहुतेक वेळा बाप गेल्यावरच कळतो.

मागचा इतिहास थोडक्यात. नागपूर-कामठी भागात स्कॉटिश मिशनचं काम 1845 साली सुरू झालं, तेव्हा राज्य भोसल्यांचं होतं. 1854 मध्ये ते खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्याला, गावाची मालकी मिळाली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी अनाथ मुलं मिशनच्या आसऱ्याला आणली. त्यातली काही पुढे शिक्षक, कंपाउंडर, नर्स झाली, काही नांगराला लागली. मध्य प्रांतात मिशन स्वतःच मालगुजार होऊन बसल्याचं उदाहरणही आहे, 1868 सालचं छत्तीसगडातलं बिश्रामपूर. पण आज नागपूरकडच्या लहान ख्रिस्ती कास्तकाराच्या हातात जो कागद आहे, त्याची घडण बरीच अलीकडची.

मालगुजारी 31 मार्च 1951 ला संपली. 1954 च्या मध्य प्रदेश महसूल संहितेने कसणाऱ्यांची ‘भूमिस्वामी’ (जमीन विकायची मोकळीक असलेले) आणि ‘भूमिधारी’ (विकण्यावर बंधन असलेले) अशी विभागणी केली, आणि 1954-55 चे अधिकार अभिलेख तयार झाले. जुनं काही शोधायचं तर विदर्भात अजूनही तेच काढावे लागतात. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर भूमिस्वामीचा भोगवटादार वर्ग 1 आणि भूमिधारीचा वर्ग 2 झाला. पटवाऱ्याचा तलाठी झाला आणि तलाठ्याचा आता ग्राम महसूल अधिकारी झाला आहे. गावात त्याला आजही पटवारीच म्हणतात, ते सोडा. या बदलांत नावं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरली, आणि उतरताना मोठ्या भावाच्या नावापुढे तीन अक्षरं चिकटली : ए.कु.मॅ.

म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी ‘ए.कु.क.’ असतं, कर्ता. अर्थ असा की जमीन सगळ्या घराची आहे, हा एकटा तिचा कारभार बघतो. सोसायटीचं कर्ज, सारा, नोटिसा यांसाठी एकच नाव ठेवणं महसुलाला सोपं जात होतं. हिंदू एकत्र कुटुंबात या शब्दाला कायद्याचा आधार होता. ख्रिस्ती घरात तो नाही.

हे असं का, याला मागे जावं लागतं. 1850 च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडत नाही, हे ठरवलं. मग प्रश्न आला की बाप्तिस्मा घेतलेल्याच्या घरात जुनं एकत्र कुटुंब चालू राहतं का? बेल्लारीच्या दोन ख्रिस्ती भावांच्या घरातला वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1863 च्या निकालाने सांगितलं की धर्मांतराने हिंदू कायद्याचं बंधन सुटतं, पण माणूस जुनी रीत ठेवू शकतो, आणि ती ठेवली की सोडली हे त्याच्या वागण्यावरून ठरवायचं. लगेच 1865 चा वारसा कायदा आला आणि ही सवलत जवळजवळ संपली. त्याच्याच जागी आलेला 1925 चा कायदा आज लागू आहे.

या कायद्यात मुलाला जन्मतः काहीच मिळत नाही. बाप जिवंत आहे तोवर जमीन बापाची, मग ती आजोबांकडून आलेली का असेना. तो मृत्युपत्राने ती कोणालाही देऊ शकतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलामुलींना सारखं.

सहा एकर, म्हणजे 240 गुंठे धरा. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. आईला 80 गुंठे, तिघांना प्रत्येकी 53 गुंठे आणि वर एक तृतीयांश गुंठा. हिंदू घरात बापाची स्वकष्टार्जित जमीन असती तर चौघांना साठ-साठ गेले असते. फेरफार लिहिणारा सवयीने चार सारखे हिस्से टाकतो आणि आईचे 20 गुंठे तिथेच जातात. कोणी लबाडी केलेली नसते, फक्त अर्जात कायद्याचं नाव लिहिलेलं नसतं. अर्जातच ‘मयत ख्रिस्ती धर्मीय असून भारतीय वारसा कायदा 1925 लागू’ हे वाक्य घालणं, हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

एवढ्यावरच थांबलं असतं तर ठीक होतं. खरा गुंता दुसऱ्या पिढीत होतो. बाप गेल्यावर मोठ्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं, बाकीच्यांची लागलीच नाहीत. चाळीस वर्षांनी मोठा जातो, त्याच्या बायकामुलांची वारस नोंद होते, शेरा गळून पडतो. धाकटा भाऊ त्याच वावराचा अर्धा भाग कसत असतो, पण कागदावर तो कोणीच नसतो. पीककर्ज नाही, विमा नाही, पंपाचं कनेक्शन पुतण्याच्या नावावर. बहिणीचा तर विषयच निघत नाही, कारण ‘तिच्या लग्नात खर्च केला’. कायद्यात लग्नखर्चाची वजावट नाही. बाप जिवंत असताना तिच्याकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीलाही अर्थ नाही, कारण तेव्हा सोडायला तिच्याजवळ हक्कच नसतो. हक्कसोडपत्र बापाच्या मृत्यूनंतरचं आणि नोंदणी केलेलंच हवं.

दुसरी बाजूही आहे. अनेक ख्रिस्ती घरं खरोखर एकत्रच राहिली, एकाच चुलीवर जेवली, आणि एका नावामुळे कर्जाचं काम सोपं झालं. ‘आमच्याकडे रीतच तशी’ असं म्हणणाऱ्यांना 1863 चा निकाल सोयीचा वाटतो. पण तो 1865 आधीचा आहे, हे ते सांगत नाहीत. ही सोय ज्यांच्या नावावर झाली त्यांच्यासाठीच होती. आई त्यात कधीच नव्हती.

ए.कु.मॅ.चा शेरा काढायला लोक 1966 च्या संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. ते कलम लेखनचुकीसाठी आहे. वारसच वगळले असतील तर ती लेखनचूक नाही. तेव्हा मूळ फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावं लागतं, मुदत 60 दिवसांची, म्हणून सोबत विलंबमाफीचा अर्ज आलाच. हिश्श्याचाच वाद असेल तर दिवाणी कोर्ट. 2025 च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयतांच्या जागी वारस लागले आणि जुने शेरे निघू लागले. पण शेरा नुसता निघून मोठ्याचं एकट्याचं नाव राहिलं, तर आधीपेक्षा वाईट. निदान ए.कु.मॅ. वाचून कोणीतरी विचारायचं, बाकीचे कुठे आहेत.

नवीन वारस नोंदीसाठी मृत्यूनंतर तीन महिन्यांत खबर द्यायची. मृत्यूचा दाखला, सातबारा, 8-अ (खातेउतारा), वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. आधी नमुना 6-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, वारस चढतात, मग फेरफार, मग हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. ख्रिस्ती घरात हे अडतं ते नावावर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत योहान, शाळेत जॉन, सातबाऱ्यावर घरचं हाकेचं नाव. तिन्ही नावं एकाच माणसाची, हे प्रतिज्ञापत्रात आधीच लिहिलं तर हरकतीला जागा राहत नाही. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीचा उतारा इथे कामाला येतो, आईबापांची नावं त्यात असतात.

कॅलेंडराचा भाग साधा आहे. 15 नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाला 21 व्या दिवशी मुकुटमुळं फुटताना पहिलं पाणी लागतं. ते चुकलं तर फुटवे कमी येतात, पुढे कितीही पाणी दिलं तरी. दुसरं पाणी चाळिसाव्या दिवशी, म्हणजे नेमकं 25 डिसेंबरला. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कॅरोलवाले दारात गातात आणि घरचा एकजण बॅटरी घेऊन दांडात असतो. म्हणून जाणती घरं पेरणी चार-पाच दिवस अलीकडे घेतात. कापसाची दुसरी वेचणीही याच दिवसांत. नाताळचे कपडे त्या चुकाऱ्यातून येतात, करंज्या-शंकरपाळ्यांचं तेलही.

संत्र्याच्या आंबिया बहाराचं बरं असतं. फळ उतरलं की झाडं ताणावर, त्यामुळे नाताळात बगीच्याला पाणी द्यायचंच नसतं. या वेळी अवकाळी पाऊस आला किंवा शेजारचा पाइप फुटला तर फुलांऐवजी नवती (नवी पालवी) फुटते आणि बहार हातचा जातो. फुलं येतात ती साधारण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडावर.

रविवारी औत नाही, ही रीत बहुतेक घरांत पाळली जाते, पेरणीच्या वाफशात मात्र पाळकही दुर्लक्ष करतात. पोळ्याला पूजा नाही, पण बैल धुतात, शिंगं रंगवतात, त्या दिवशी जू ठेवत नाहीत. खरीप निघालं की कापणीचा सण. कोहळा, पायलीभर तूर, अंडी, कोंबडी वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. पन्नासाचा कोहळा पाचशेला जातो, कारण बोली कोहळ्यावर नसते.

हे सगळं वाटणीपर्यंत सुरळीत चालतं. वाटणीनंतर बगीचा आधी बिघडतो. डिंक्या, म्हणजे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग. त्याची बुरशी पाण्याबरोबर एका ओळीतून दुसरीत जाते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावायचा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडाची बादली चालत नाही. मिश्रणात चाकूचं पातं बुडवावं, तांबूस झालं तर चुना कमी आहे. एका भावाने हे केलं आणि वरच्या बाजूच्या भावाने नाही, तर केलेलं वाया.

शिवाय 2023 पासून जिरायतीत 20 आणि बागायतीत 10 गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. तीन एकर कोरडवाहू जमीन, आई आणि पाच मुलं असतील, तर आईला 40 आणि प्रत्येकाला 16 गुंठे येतात. नावं सामाईकात लागतात, हिस्से वेगळे होत नाहीत. तेव्हा वाटायचं उरतं विहिरीचं पाणी. वाटणीपत्रात पाण्याची पाळी वाराने लिहितात, सोमवार अमक्याचा, मंगळवार तमक्याचा. आईच्या एक तृतीयांशाचे आठवड्यात निदान दोन वार होतात, ते तिच्या नावाने लिहावेत. आणि रविवार कोणाचा, तेही तिथेच लिहून घ्यावं. कोणी पाणी घेणार नाही असं धरून तो मोकळा सोडतात, आणि पहिल्याच डिसेंबरात त्यावरून तंटा होतो.