चांगला रणगाडा आणि चांगलं रणगाडा-दल: १९४० च्या फ्रान्सचं जर-तर

‘फ्रान्सकडे जरा बरे रणगाडे असते, तर १९४० मध्ये हिटलर पॅरिसला पोहोचलाच नसता.’ दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की हे जर-तर हमखास ऐकायला मिळतं. पण बरे रणगाडे फ्रान्सकडे होतेच! १० मे १९४० ला हल्ला झाला तेव्हा जर्मनीच्या जवळपास अडीच हजार रणगाड्यांपैकी निम्म्याहून जास्त पँझर-१ आणि पँझर-२ होते. पहिल्यावर नुसत्या मशीनगन, दुसऱ्यावर २० मिलिमीटरची छोटी तोफ. समोर फ्रान्सचे तीनेक हजार रणगाडे, आणि त्यातला शार बी-१ बिस हा त्या वेळच्या युरोपातला सर्वांत दणकट रणगाड्यांपैकी एक. तरी २२ जूनला फ्रान्सने युद्धबंदीच्या करारावर सही केली.

घोटाळा ‘बरे रणगाडे’ या शब्दांतच आहे. त्यात आपण दोन गोष्टी एकत्र करतो. एक, चांगला रणगाडा, म्हणजे यंत्र: चिलखत किती जाड, तोफ केवढी. दुसरी, चांगलं रणगाडा-दल: ती यंत्रं कुणाच्या हाताखाली, किती एकवटलेली, त्यांना पेट्रोल कोण पोहोचवतं, हुकूम किती वेळात मिळतो. इतिहासात काय बदललं असतं हे बघायचं, तर यांतली कोणती गोष्ट बदलतोय हे आधी ठरवायला हवं.

आधी यंत्र. बी-१ बिसला समोर ६० मिलिमीटरचं चिलखत होतं. पुढच्या धडात ७५ मिलिमीटरची तोफ, वरच्या बुरुजात ४७ मिलिमीटरची. जर्मनांची नेहमीची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ त्याच्यापुढे जवळजवळ निकामी ठरायची. १६ मे रोजी ईशान्य फ्रान्समध्ये सेदाँ शहराच्या दक्षिणेला असलेल्या स्टोन गावात कॅप्टन पिएर बियोत यांनी ‘यूर’ नावाचा आपला बी-१ थेट जर्मन रांगेत घुसवला आणि एकट्याने तेरा रणगाडे उडवले. परत आल्यावर त्याच्या चिलखतावर सुमारे १४० घाव मोजले गेले, त्यांतला एकही आरपार नव्हता. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याच वेळी नकाशावर काय चाललं होतं? जर्मन रणगाडा-सेनापती गुडेरियनने स्टोनच्या उंचवट्यापाशी एक पँझर डिव्हिजन आणि काही पायदळ गुंतवून ठेवलं होतं. त्याच्या उरलेल्या दोन पँझर डिव्हिजन केव्हाच पश्चिमेला वळून समुद्राकडे सुटल्या होत्या, आणि २० मेला त्या इंग्लिश खाडीला भिडल्या. स्टोन कितीदा घेतलं, कितीदा गमावलं, याने त्या धावेत काहीच फरक पडला नाही.

आता दल. फ्रान्सच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे सत्तरएक बी-१ आणि नव्वदच्या आसपास हलके हॉचकिस रणगाडे होते. १५ मेच्या सकाळी बेल्जियममध्ये फ्लाव्हियोंजवळ ही डिव्हिजन पेट्रोलची वाट बघत उभी होती. बी-१ ची टाकी ४०० लिटरची. मोकळ्या रानात ती पाच-सहा तासांत संपायची, आणि पेट्रोलच्या गाड्या मागे गर्दीत अडकलेल्या. अशा उभ्या रणगाड्यांवर आधी जर्मन जनरल रोमेलची सातवी पँझर डिव्हिजन आदळली, मग पाचवी. दिवस मावळेपर्यंत एका अख्ख्या डिव्हिजनची वाताहत झाली. कित्येक बी-१ तर शत्रूच्या गोळ्याने गेलेच नाहीत. पेट्रोल संपलं म्हणून त्यांच्याच लोकांना ते सोडून द्यावे लागले.

तिसऱ्या चिलखती डिव्हिजनची कथा मला जास्त जिव्हारी लागते, कारण तिथे संधी हातात होती. १३ मेला जर्मन पायदळाने सेदाँपाशी रबरी होड्यांतून म्यूज नदी ओलांडली. त्या रात्री दक्षिण तीरावर जर्मन रणगाडे जवळजवळ नव्हतेच. १४ तारखेला ही डिव्हिजन हाताशी आली, प्रतिहल्ल्याचा हुकूमही निघाला. पण तयारीला वेळ लागला, दुपार कलली, आणि जनरल फ्लाव्हीन्यी यांनी हल्ला रद्द करून रणगाडे सुमारे २० किलोमीटरच्या पट्ट्यात रस्त्यारस्त्यांवर दोन-दोन, तीन-तीन असे वाटून टाकले. एकवटलेली ताकद तासाभरात चौक्या-पहाऱ्याच्या कामाला लागली.

यामागे नुसता एका सेनापतीचा घाबरटपणा नव्हता. रणगाडा म्हणजे पायदळाचा सोबती, ही फ्रेंचांची जुनी शिकवण. हजाराहून जास्त रणगाडे त्यांनी पायदळाला जोडलेल्या बटालियनमध्ये विखरून ठेवले होते. जर्मनांच्या पहिल्या तीन पँझर डिव्हिजन ऑक्टोबर १९३५ मध्ये उभ्या राहिल्या. फ्रान्सच्या घोडदळाने आपल्या यांत्रिक डिव्हिजन उभ्या केल्या होत्या, पण बी-१ बाळगणाऱ्या चिलखती डिव्हिजन १९४० च्या जानेवारीत कुठे बनायला लागल्या. द गॉल यांची चौथी तर मे महिन्यात जर्मन हल्ला सुरू झाल्यावर घाईघाईत जोडली गेली.

यंत्र आणि दल या दोन गोष्टी एका जागी मात्र खरोखरच एकमेकींत मिसळतात: रणगाड्याच्या बुरुजात. फ्रान्सच्या सोमुआ एस-३५ रणगाड्याचा बुरूज डोळ्यांपुढे आणा. आत एकटा कमांडर. शत्रू कुठे आहे ते त्यानेच शोधायचं, तोफेत गोळा त्यानेच भरायचा, नेम त्यानेच धरायचा, डागायचंही त्यानेच, आणि मधेच ड्रायव्हरला ‘डावीकडे घे’ म्हणून ओरडायचं. तो पलटणीचा प्रमुख असेल तर बाकीचे रणगाडे कुठे चाललेत तेही बघायचं. डोक्यावरचा घुमट बंद, त्यातून मान बाहेर काढायची सोय नाही. जर्मनांच्या पँझर-३ च्या बुरुजात तिघे: एक भरणारा, एक नेम धरणारा, आणि कमांडर फक्त बघायला नि बोलायला मोकळा. खाली वायरलेसवाला वेगळा. फ्रान्सच्या पायदळी रणगाड्यांपैकी कितीतरींत वायरलेसच नव्हता. चिलखत आणि तोफ यांच्या तक्त्यात सोमुआ पुढे दिसतो, पण ही माणसांची मांडणी त्या तक्त्यात येत नाही. १२ ते १४ मे दरम्यान बेल्जियममधल्या हानूतजवळ सोमुआंनी जर्मनांना जोरदार तडाखे दिले. तरी शेवटी मैदान जर्मनांच्या हाती राहिलं, आणि मैदानाबरोबर तिथे पडलेले दोन्हीकडचे रणगाडेही. आपले त्यांनी ओढून नेले, दुरुस्त केले, पुन्हा लढाईत उतरवले.

यंत्राची बाजू घेणारे उत्तर फ्रान्समधल्या आरासचं उदाहरण देतात, आणि ते वजनदार आहे. २१ मेला ब्रिटिशांनी तिथे आपले ७४ मॅटिल्डा रणगाडे घेऊन रोमेलच्या बगलेवर हल्ला चढवला. त्यांतले ५८ जुने, फक्त मशीनगनवाले. तोफवाले मॅटिल्डा-२ अवघे १६. त्यांचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत. (मॅटिल्डा आपल्याकडे अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये बघायला मिळतो. त्याच्यासमोर उभं राहिलं की जर्मन तोफखान्याची गाळण का उडाली ते कळतं.) ३७ मिलिमीटरचे गोळे आदळून खाली पडत होते. रोमेलने स्वतः तोफांमध्ये फिरून ८८ मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफा जमिनीला समांतर करून डागायला लावल्या, तेव्हा कुठे हल्ला थांबला. जर्मन सेनापतींच्या मनात बसलेली धास्ती त्यांच्या रणगाड्यांना २४ मेला मिळालेल्या ‘थांबा’ या हुकमामागच्या कारणांपैकी एक मानली जाते, आणि त्या थांबण्याने डंकर्क बंदरातून दोस्तांचे ३,३८,००० सैनिक सुटले. म्हणजे चांगलं यंत्र एका दुपारी शत्रूला हादरवू शकतं. पण मागे दुसरी लाट नव्हती, पुरेसं पायदळ नव्हतं. संध्याकाळी ब्रिटिश मागे फिरले.

आपल्याकडे १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला हेच दिसलं. पाकिस्तानचे ९० मिलिमीटर तोफेचे पॅटन रणगाडे कागदावर भारताच्या जुन्या शर्मनपेक्षा सरस होते. पण ते पाणी सोडून चिखल केलेल्या शेतात, उभ्या उसात दडलेल्या तोफांच्या कोंडीत शिरले.

आता दोन्ही जर-तर सेदाँवर लावून बघू. पहिलं: फ्रान्सला आणखी तीनशे बी-१ मिळाले, बाकी सगळं तसंच. माझ्या मते ते तीनशेही त्याच २० किलोमीटरच्या पट्ट्यात वाटले गेले असते, आणि जर्मन समुद्राशी एखाददोन दिवस उशिरा पोहोचले असते. दुसरं: रणगाडे तेच, पण तिसरी डिव्हिजन १३ च्या रात्रीच नदीकडे निघाली, पेट्रोल बरोबर होतं, प्रत्येक कमांडरच्या कानात वायरलेस होता. मग गुडेरियनचा एकुलता एक पूल धोक्यात आला असता. बेल्जियममध्ये शिरलेल्या दोस्त फौजांना मागे वळायला आठवडाभर मिळाला असता, आणि एका आठवड्यात १९४० चं चित्र बरंच पालटतं.

पण या दुसऱ्या जर-तरलाही एक मर्यादा आहे. खिंडार पडलं तर बुजवायला राखीव सैन्य लागतं. ते काम करू शकणारी जनरल जिरो यांची सातवी सेना सरसेनापती गामेलँ यांनी आधीच हॉलंडमधल्या ब्रेडाकडे धाडली होती. तिच्याबरोबर पहिली यांत्रिक डिव्हिजन होती, तिचे सगळे सोमुआ घेऊन, सेदाँपासून दोनशे किलोमीटरहून दूर.